मोडला तर मोडू दे

शाळकरी मुलांना स्वस्तातले लॅपटॉप द्यायची योजना जाहीर झाली की मी आधी किंमत बघत नाही. लॅपटॉप बंद पडला तर पोरानं तो कुणाकडे न्यायचा आणि पैसे कुणी भरायचे, हे शोधते. बहुतेक वेळा ते कुठेच लिहिलेलं नसतं.

२००५ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या मीडिया लॅब या संशोधन संस्थेच्या निकोलस नेग्रोपाँटे यांनी 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'ची घोषणा केली. गरीब देशांतल्या मुलामुलींना शंभर डॉलरचा लॅपटॉप, असं ते स्वप्न. २००७ च्या अखेरीस एक्सओ नावाचा हिरवा-पांढरा लॅपटॉप कारखान्यातून बाहेर पडला तेव्हा किंमत १८८ डॉलरच्या आसपास गेली होती. त्यावरून पुष्कळ टीका झाली. मला मात्र ते यंत्र अजूनही फार आवडतं. त्यात फिरणारी हार्ड डिस्क नाही, पंखा नाही. धूळ-पाणी आत शिरू नये म्हणून कीबोर्ड अखंड रबराचा. मेरी लू जेपसेन यांनी स्क्रीन अशी घडवली की भर उन्हात, झाडाखाली बसूनही वाचता यावं. प्रोग्राम आतून कसा लिहिलाय हे बघायला कीबोर्डवर एक वेगळी कळसुद्धा होती. आणि हँडलच्या आत जादा स्क्रू ठेवलेले! म्हणजे पोरं हे खोलणार आणि एखादा स्क्रू हरवणार, हे बनवणाऱ्यांनी धरूनच ठेवलं होतं. यामागे एमआयटीतलेच गणितज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ सेमूर पॅपर्ट यांचा विचार होता. मूल काहीतरी करून बघतं, ते चुकतं, मग चूक कुठे झाली ते शोधतं आणि त्यातच शिकतं.

आता दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात काय झालं ते बघा. तिथल्या सरकारनं हे आठ लाखांहून जास्त लॅपटॉप घेतले, तेही आधी खेड्यापाड्यांतल्या शाळांसाठी. हेतू चांगलाच होता. २०१२ मध्ये इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेचा ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास आला. गणितात आणि भाषेत काही फरक दिसला नाही. विचारक्षमतेच्या चाचण्यांत थोडा दिसला. तेव्हापासून 'लॅपटॉप देऊन काही होत नाही' म्हणणारे हाच अभ्यास पुढे करतात. पण त्यातच आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. लॅपटॉप घरी न्यायचा, ही योजनेची मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात बरीच मुलं तो घरी नेतच नव्हती. हरवला, मोडला तर बदलून मिळेल याचा भरवसा कुणालाच नव्हता. मग तो शाळेतच ठेवायचा. इंटरनेट तर जवळपास कुठेच नव्हतं.

हे वाचताना मला आमची कॉम्प्युटरची खोली आठवली. 'हात लावू नका, बिघडेल', हे मी तिथे शिकलेलं पहिलं वाक्य. एकजण माउस धरायचा, बाकी आम्ही हाताची घडी घालून मागे उभे. ती धास्ती अंगातून जायला मला कितीतरी वर्षं लागली. ज्या घरात त्या लॅपटॉपइतकी महाग दुसरी वस्तूच नाही, तिथल्या मुलाच्या मनावर केवढं ओझं येत असेल!

दक्षिण अमेरिकेतल्याच उरुग्वेनं हीच यंत्रं घेतली. २००७ मध्ये विया कार्दाल या छोट्या गावातून त्यांची 'प्लान सेइबाल' ही योजना सुरू झाली आणि २००९ पर्यंत देशातल्या सरकारी प्राथमिक शाळांतल्या सगळ्या मुलांच्या हातात लॅपटॉप होता. देश लहान, पैसा पेरूपेक्षा बरा, हे मान्य. पण त्यांनी शाळांत इंटरनेट पोचवलं आणि काम बघायला कायमची यंत्रणा उभी केली. मोडतोड तिथेही झालीच, आणि गरीब वस्त्यांत जास्त झाली. पण ती दुरुस्त करणं हे त्यांनी योजनेचंच काम मानलं. दुरुस्तीची माणसं गाडी घेऊन शाळांपर्यंत जायची. मार्क तिथेही वाढले नाहीत, हे मी लपवणार नाही. पण योजना टिकली, म्हणून पुढे त्यावर काही उभं करता आलं. इंग्रजीचे शिक्षक कमी होते, तर २०१२ पासून दुसऱ्या देशांतले शिक्षक व्हिडिओवरून वर्ग घेऊ लागले आणि वर्गातल्या बाई मुलांसोबत बसून सराव करून घेऊ लागल्या.

पुढे नेग्रोपाँटे म्हणाले, टॅब्लेट हेलिकॉप्टरमधून गावात टाका, पोरं आपोआप शिकतील. त्यांच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण हे मला अजिबात पटत नाही. पोरं शिकतात, खरंच शिकतात. पण चार्जर जळला की हेलिकॉप्टर परत येत नाही.

त्यापेक्षा नायजेरियातल्या अबुजाजवळची गॅलाडिमा शाळा बघा. तिथे एक्सओची सुरुवातीची चाचणी झाली, आणि बिघडलेल्या लॅपटॉपसाठी पोरांनीच हॉस्पिटल काढलं. दहा-बारा वर्षांची मुलं स्क्रू काढून आत बघतायत!

तेव्हा तुमच्यापैकी कुणी अशा योजनेवर काम करत असेल, शाळेला देणगी देत असेल, तर शंभर मुलांचे पैसे जमल्यावर ऐंशीच लॅपटॉप घ्या. उरलेल्या पैशांत सुटे भाग, बॅटऱ्या, स्क्रूड्रायव्हर आणि शिक्षकांना शिकवायला वर्षभर येणारं एक माणूस. वीस मुलांना काही महिने वाट बघावी लागेल, आणि ते सांगताना मलाही वाईट वाटतंय. पण ऐंशी पोरांना पहिल्याच दिवशी सांगता येईल, घरी ने, खोलून बघ, मोडला तर घेऊन ये.