ऊर्ध्वगामी दरवाजांच्या भावी मालकांस काही सूचना

मोटारीचा दरवाजा बाजूला उघडतो, माणूस आत बसतो, दरवाजा ओढून घेतो आणि निघून जातो. या साऱ्या व्यवहारात कोणाचेही लक्ष वेधले जात नाही. नेहमीच्या दरवाजाचा हा मूळ दोष आपल्या ध्यानात आला आणि तो दूर करण्याचा निश्चय आपण केला, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन करणे भाग आहे. आपली गाडी स्पोर्ट्स कार आहे, म्हणजे ती वेगाने धावते. पण धावणारी गाडी बघणाऱ्याच्या नजरेसमोरून क्षणार्धात निघून जाते आणि कौतुकाला तर सवड लागते. तेव्हा गाडी उभी असतानाच तिच्याकडे लोकांनी वळून पाहावे अशी काही तजवीज हवी. ती इंजिनात करून भागत नाही, कारण इंजिन झाकलेले असते. वर उघडणारा दरवाजा ही गरज पुरी करतो. त्याने गाडीची ताकद एका अश्वशक्तीनेही वाढत नाही, उलट नव्या बिजागऱ्यांचे वजन तेवढे वाढते. परंतु उभ्या गाडीला अश्वशक्ती हवीच कशाला?

या दरवाजांचा इतिहास मुखोद्गत असावा, कारण तो सांगण्याचे प्रसंग आपण स्वतःच वारंवार आणणार आहात. १९६८ साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात बेर्तोने या इटालियन संस्थेने अल्फा रोमिओ काराबो नावाची गाडी नमुन्यादाखल मांडली. मार्चेल्लो गांदिनी यांनी रेखलेल्या या गाडीचे दरवाजे पुढच्या टोकाच्या बिजागरीवर कात्रीच्या पात्यासारखे वर जात. गांदिनींनी हीच कल्पना पुढे लॅम्बोर्गिनी काउंटॅशमध्ये वापरली. तिचा नमुना १९७१ मध्ये जिनिव्हाला लोकांसमोर आला आणि १९७४ पासून ती गिऱ्हाइकांना मिळू लागली. गाडी रुंद होती, जमिनीपासून जेमतेम १०७ सेंटीमीटर उंच होती आणि तिच्यातून मागचे जवळजवळ काहीच दिसत नसे. म्हणून गाडी मागे घेताना चालकाने दरवाजा वर करावा, दाराच्या कडेवर बूड टेकवावे, निम्मे अंग बाहेर काढून मान मागे वळवावी आणि एका हाताने चाक फिरवीत गाडी हाकावी, असा प्रघातच पडला. याचा अर्थ, आज आपण ज्याला डौल म्हणतो तो एका अडचणीच्या गाडीवर काढलेला तोडगा होता. आपल्या गाडीला मागची काच आहे, दोन्ही बाजूंना आरसे आहेत, बहुधा मागे कॅमेराही आहे. तोडग्याला लागणारी एकही अडचण आपल्यापाशी नाही. पण त्यामुळे खट्टू होण्याचे कारण नाही. गरज पडली म्हणून तर कोणीही दरवाजा बदलील.

बघ्यांपैकी कोणीतरी ‘अरे वा, गलविंग!’ असा उद्गार काढील. त्याला तिथल्या तिथे अडवावे. गलविंगची बिजागरी छपरात असते. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलला तसे दरवाजे द्यावे लागले, कारण तिचा नळ्यांचा सांगाडा दोन्ही बाजूंना इतका उंच आला होता की साध्या दरवाजासाठी पुरेशी जागाच उरली नव्हती. मॅक्लरेन एफ१ चा दरवाजा वर जाता जाता बाहेरही झुकतो, त्याची जात आणखी निराळी. आपला तो सिझर, म्हणजे कात्री. हा खुलासा सौजन्याने पण सविस्तर करावा आणि तो संपेपर्यंत दरवाजा वरच ठेवावा. मात्र एक गोष्ट आपण होऊन काढू नये. खुद्द लॅम्बोर्गिनीने असे दरवाजे काउंटॅश, दियाब्लो, मुर्सिएलागो, अव्हेंटाडोर अशा बारा सिलिंडरच्या थोरल्या गाड्यांना दिले, आणि गयार्दो व हुराकान या दहा सिलिंडरच्या धाकट्या गाड्यांना मुकाट्याने बाजूला उघडणारे दरवाजे लावले. बाजारात ज्या कारखान्याच्या नावाने हे ‘लॅम्बो डोअर’ विकले जातात, त्या कारखान्यालाच ते सगळ्या गाड्यांवर लावावेसे वाटले नाहीत. यावरून आपली दृष्टी कारखान्यापेक्षा उदार आहे एवढाच निष्कर्ष काढावा.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. साधा दरवाजा वर उघडता करण्यासाठी बिजागऱ्यांचा जो तयार संच, म्हणजे किट, बाजारात मिळतो, त्याच्या खोक्यावर ‘बोल्ट-ऑन’ असे ठळक लिहिलेले असते, म्हणजे वेल्डिंग नाही, कापाकापी नाही, जुने बोल्ट काढायचे आणि नवे लावायचे. त्या बोल्टपर्यंत पोचण्यासाठी आधी काय काय उतरवावे लागते, हे खोक्यावर मावत नाही. चाक निघते, चाकाच्या कमानीतले प्लॅस्टिकचे अस्तर निघते, काही गाड्यांत बंपरही निघतो, आणि मग फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, निघून बिजागऱ्यांचे प्रथम दर्शन घडते. दरवाजा एका मर्यादेपलीकडे उघडू न देणारा पट्टा सोडवावा लागतो, तारांचे जोड सुटे करावे लागतात, आणि काचेसकट, मोटरसकट भरलेला तो जड दरवाजा दोघांनी दोन बाजूंनी धरून खाली घ्यावा लागतो. हे दोघेजण कोण, याचा विचार किट मागवण्यापूर्वी करावा, कारण त्यांना बराच वेळ ओणवे राहावे लागणार आहे आणि त्या काळात ते आपल्याविषयी काय बोलतील यावर आपला ताबा राहणार नाही. जुन्या बिजागऱ्या आणि त्यांचे बोल्ट फडक्यात बांधून नीट ठेवावेत. ते कशासाठी, हे पुढे येईलच.

नवी बिजागरी बसली की जुळवणीला आरंभ होतो, आणि या जुळवणीला शेवट असतो असे कोणी आपल्याला सांगितले असेल तर ते सांगणाऱ्याने किट विकलेले असावे, बसवलेले नसावे. दरवाजा किती बाहेर, किती उंच आणि किती तिरका, हे सारे वेगवेगळ्या स्क्रूंवर ठरते आणि त्यांतला एक फिरवला की उरलेले रुसतात. कारखान्यात दरवाजा आणि फेंडर यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी ठेवलेली होती. आता ती वर बोट जाईल इतकी आणि खाली नख जाणार नाही इतकी होईल. दरवाजा वर जाताना त्याचा पुढचा कोपरा फेंडरच्या मागच्या कडेला पुसटसा शिवतो. आवाज होत नाही. पण काही दिवसांनी उन्हात पाहिले तर फेंडरच्या कडेवर चंद्रकोरीच्या आकाराचा ओरखडा दिसतो, आधी रंगाचा, मग प्रायमरचा, शेवटी पत्र्याचा. त्यावर इलाज म्हणून फेंडरची आतली कड थोडी कापून घ्यावी लागते, आणि ‘कापाकापी नाही’ या वचनातून आपण आपखुशीने बाहेर पडता.

हा ओरखडा टाळण्यासाठीच बहुतेक किटचा दरवाजा आधी थोडा बाहेर येतो आणि मग वर जातो. चिंचोळ्या जागेत गाडी उभी करून ऐटीत उतरता येईल, हा ज्यांचा मुख्य युक्तिवाद होता त्यांनी या वाक्याशी जरा थांबावे. काउंटॅशचा दरवाजा सरळ वर जाई, कारण गाडीचे अंगच तसे घडवले होते. आपला दरवाजा बाहेर येण्यासाठी आधी शेजारच्या गाडीची परवानगी घेणार, आणि ती मिळाली नाही तर वर जाणारच नाही. घरी मात्र समर्थन करताना पार्किंगच्या सोयीचाच दाखला द्यावा. घरच्यांनी टेप घेऊन मोजलेले नसते.

तारांविषयी थोडक्यात सांगतो. काच, आरसा, कुलूप, स्पीकर आणि अनेक गाड्यांत बाजूने बसणाऱ्या धडकेची खबर एअरबॅगला देणारा सेन्सर, या सर्वांच्या तारा दरवाजात जातात आणि त्यांची लांबी बाजूला उघडण्याच्या हिशेबाने ठरलेली असते. त्या जोड देऊन वाढवाव्या लागतात. जोड नीट दिला नाही तर प्रत्येक वेळी दरवाजा वर जाताना तार ताणली जाते, आत तांबे एकेक धागा तुटत जाते, आणि मग एके दिवशी काच अर्ध्यावर थांबते, तीही बहुधा पावसात. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा कायमचा लागून राहिला तर घाबरू नये. गाडीत आणखी एक दिवा लागला, एवढेच समजावे. एअरबॅग खरोखरच हवी असेल, तर मात्र हे वाक्य गंभीरपणे वाचावे.

दरवाजा वर तोलून धरण्याचे काम गॅस स्ट्रट करतो. नळीत दाबाने भरलेला नायट्रोजन असतो आणि तो दांड्याला बाहेर ढकलत राहतो. बंद नळीतल्या वायूचा दाब तापमानाबरोबर बदलतो हे आपण शाळेत शिकलो, पण त्याचा उपयोग काय, असा प्रश्न तेव्हा पडला होता. उत्तर आता मिळेल. पारा ३० अंशांवरून शून्यावर आला की हा दाब सुमारे १० टक्क्यांनी घटतो. स्ट्रट नवा असेल तर हे जाणवत नाही. पण काळाबरोबर सीलमधून वायू थोडाथोडा झिरपून जातो, आणि थंडीतली एक पहाट अशी येते की आपण दरवाजा वर करून खाली वाकता, आणि दरवाजाही आपल्याबरोबर विनयाने वाकतो. तो धाडकन पडत नाही. इतक्या संथपणे उतरतो की तो आपल्या डोक्यावर टेकेपर्यंत संशय येत नाही. उन्हाळ्यात नेमके उलटे होते, हात लावण्याचा अवकाश की दरवाजा उत्साहाने वर झेपावतो. नवे स्ट्रट येईपर्यंत बरेच मालक गाडीत एक लाकडी दांडका ठेवतात आणि दरवाजाला टेकू देतात. दांडका काळ्या रंगाने रंगवून घेतल्यास तो कार्बन फायबरचा वाटतो, निदान लांबून.

बसवणे एकदाच असते, राहणे रोजचे असते. छत किती उंच आहे हे न पाहता कोणत्याही गॅरेजात दरवाजा उघडू नये. आत बसल्यावर दरवाजाचे हॅन्डल कोपराजवळ असते ही आपली जुनी समजूत सोडून द्यावी. ते आता डोक्याच्याही वर, पुढच्या बाजूला आहे, आणि सीट बेल्ट लावण्यापूर्वी अर्धे उठून त्याला हात घालावा लागतो. वाऱ्याच्या दिवशी उघडा दरवाजा शिडाचे काम करतो. पाऊस असेल तर काचेवर साचलेले पाणी दरवाजा तिरका होताच ओघळून आत, नेमके सीटवर येते, आणि आपण ऐटीत त्यात बसता. सोबतचे प्रवासी हे प्रकरण स्वतंत्र आहे. ज्याला सांगितलेले नाही असा प्रत्येक माणूस दरवाजा नेहमीच्या सवयीने बाहेर ढकलतो; तो थोडा हलतो, मग अडतो, आणि अडलेला दरवाजा दिसला की मनुष्यस्वभाव जोर लावतो. नव्या बिजागरीला हा जोर सोसण्यासाठी केलेले नाही. म्हणून आपण आधी उतरावे, गाडीला वळसा घालून पलीकडे जावे, दरवाजा वर करावा, पाहुणा बाहेर येईपर्यंत तो धरून ठेवावा आणि पाहुणा गेल्यावर खाली आणावा. स्वतःच्या गाडीचे आपण दरबान झालात, असे कोणी म्हणेल. म्हणू द्यावे. गाडी पार्क करण्यासाठी किल्ली परक्या माणसाच्या हाती देण्याचा प्रश्नच उरत नाही, एवढी सुरक्षितता त्यातून मिळते.

सुरक्षिततेचा विषय निघालाच आहे तर एक नोंद करून ठेवतो. मर्सिडीजने २०१० च्या सुमारास एसएलएस एएमजीला गलविंग दरवाजे दिले तेव्हा गाडी उलटी झाली तर माणसे बाहेर कशी येणार, या प्रश्नाला उत्तर म्हणून बिजागऱ्यांत स्फोटाने तुटणारे बोल्ट बसवले, म्हणजे दरवाजा गाडीपासून सुटा होतो. आपल्या किटच्या खोक्यात असे बोल्ट शोधू नयेत. तिथे एक कागद असेल, त्यावर हे उत्पादन केवळ प्रदर्शनाच्या हेतूने वापरावे अशा अर्थाचे काही बारीक अक्षरांत लिहिलेले असेल. विमा कंपनीला बदल कळवला तर हप्ता वाढण्याचा संभव, न कळवला तर अपघातानंतर दावा फेटाळला जाण्याचा. वाहनाच्या मूळ रचनेत केलेला बदल तपासणी अधिकाऱ्याला चालेल की नाही, हे त्या त्या ठिकाणच्या नियमांवर. यांपैकी कोणताही प्रश्न दरवाजा खाली असताना फारसा दिसत नाही, हेही त्या दरवाजाचे एक वैशिष्ट्यच म्हणायचे.

लोक बघतात का? बघतात. सुरुवातीला तर खूपच बघतात. लहान मुले थांबतात, मोठी माणसे फोन काढतात, आणि आपण किल्ली विसरल्याचे निमित्त करून दरवाजा पुन्हा एकदा वर करता. पुढे शेजाऱ्यांना सवय होते. त्यानंतर जे बघतात ते दरवाजा अर्ध्यात अडकला म्हणून बघतात. या दोन प्रकारच्या नजरांत फरक करू नये, फोटो दोन्हींत सारखाच येतो.

कधीतरी गाडी विकायची वेळ येईल. गिऱ्हाईक येईल, इंजिन ऐकेल, टायर बघेल, आणि आपण सरावलेल्या हाताने दरवाजा वर कराल तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू उमटेल. त्या हसण्यावर किंमत वाढवून सांगण्याची घाई करू नये. त्याचा पुढचा प्रश्न ‘मूळ बिजागऱ्या आहेत का’ हाच असतो. फडक्याची गाठ सोडून त्या पुढे कराव्यात. मग तो वाकून फेंडरची कापलेली कड बोटाने चाचपतो आणि नव्या फेंडरचे किती कमी करणार, असे विचारतो. या ठिकाणी कात्रीच्या पात्यांचा, १९६८ च्या पॅरिसचा आणि गांदिनींचा इतिहास सांगून पाहण्यास हरकत नाही, मात्र तोवर दरवाजा दोन्ही हातांनी धरून ठेवावा, कारण स्ट्रट आपण अजून बदललेला नाही.