आगीतून फुफाट्यात

मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे पारा 44 वर जाऊन बसतो. शहाणी माणसं अकरानंतर दाराची कडी काढत नाहीत. पण कपाशी उपटून झालेली, पेरणीला अवकाश, शेतं मोकळी. म्हणून मातीतल्या मोटरसायकल शर्यतीला आमच्याकडे हाच मुहूर्त बरा पडतो. मग आम्ही हौशी मंडळी छातीला गार्ड, गुडघ्याला गार्ड, पोटरीपर्यंत बूट असा जामानिमा करून वेड्या बाभळीच्या नावापुरत्या सावलीत रांग लावतो. ‘आगीतून फुफाट्यात’ ही म्हण ज्याने काढली, त्याने बांधावरून गाडी नक्की घातली असणार.

हौशी गट म्हणजे काय, तर रविवारी जी गाडी नाल्यात पडते, तिच्यावरच सोमवारी कामाला जायचं असतं. म्हणून आरसे, इंडिकेटर उतरवले की त्यांचे नटबोल्ट डब्यात टाकून डब्यावर चिठ्ठी लावावी. गाडी बहुतेकांकडे हीरोची एक्सपल्स 200: पोट जमिनीपासून 220 मिमी वर, पुढचं चाक 21 इंची, वजन 150 किलोंच्या थोडं पुढे. हे वजन कागदावर वाचताना काही वाटत नाही; गाडी आडवी झाली की कळतं. कमरेतून वाकून उचलायला गेलात तर पुढचा आठवडा शेकण्यात. इंजिन बंद करायचं, हँडल पुरतं वळवायचं, गाडीकडे पाठ करून बूड सीटला टेकवायचं आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकत उभी करायची. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच खाली करून ठेवा. नाहीतर उभी झालेली गाडी दम न खाता पलीकडे झोपते आणि बांधावरून “पडना रे, परत पडना!” असा गजर होतो.

निम्मी शर्यत आदल्या संध्याकाळी पान्यानेच ठरते. टायरची हवा 16 ते 18 पीएसआयवर आणायची, म्हणजे टायर पसरून माती धरतो. पंक्चरवाल्याला हवा काढायला सांगितली की तो आपल्याकडे कीव आल्यासारखा बघतो. त्याचंही अगदी चुकत नाही. याहून खाली गेलात तर बांधावरच्या दगडाशी ट्यूब रिमखाली चिमटते आणि सापाने डसावं तशी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. रिम लॉक (टायर रिमशी आवळून धरणारा क्लॅम्प) नसेल तर टायर रिमवर घसरतो आणि व्हॉल्व्ह मुळापासून उपटला जातो. चेन ताठ करून घेऊ नये. 35 मिमीच्या आसपास ढिली हवी, कारण मागचं चाक खड्ड्यात आपटून वर आलं की ती आपोआप ताणते. क्लच-ब्रेकच्या लिव्हरचे बोल्टही जेमतेमच आवळायचे. पडल्यावर लिव्हर फिरलेली परवडते, तुटलेली नाही. क्लचची जादा केबल जुनीच्या बाजूनेच टेपने बांधून ठेवली की वाटेत नुसती दोन टोकं अडकवायची.

आता फुफाटा. बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टरांनी दळलेली ही पावडर फोमच्या एअर फिल्टरमध्ये अशी शिरते, की दुसऱ्या फेरीला इंजिन दमेकऱ्यासारखं खोकू लागतं. फोम साबणाच्या पाण्यात दाबून धुवावा, पिळू नये (फाटतो), पुरता वाळवून फिल्टर ऑइल चोळावं आणि कडेला ग्रीसचा बारीक थर द्यावा. पुढचा गडी मिनिटभर आधी सुटलेला असला तरी त्याचा फुफाटा तुमची वाट बघत थांबलेला असतो. तिथे मर्दुमकी नको. वारा येतो त्या अंगाला सरकून जावं. मातीला पडलेल्या भेगा मात्र तिरप्याच कापाव्यात. भेगेला समांतर गेलात तर पुढचं चाक आत उतरतं आणि पुढचा मार्ग भेग ठरवते.

आणि वळीव आलाच, तर खेळ संपला. काळ्या मातीतली चिकण पाण्याने फुगते. उन्हाने आकसून भेगा पाडणारी तीच. चाकाला थापत थापत ती मडगार्डखाली ठासून बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. तुम्ही रेस वाढवता, क्लच जळल्याचा वास येतो. म्हणून पुढचा बसका मडगार्ड काढून उंचावरचा लावावा आणि सोबत खुरपं ठेवावं. बांधावरचा आजोबा “भाऊ, बैल जुपू का?” असं विचारतो, ते चेष्टेने नव्हे. त्याच्या बैलांनी यापेक्षा मोठ्या गाड्या काढलेल्या असतात.

केळीच्या बागेच्या कडेने जाताना आणखी एक शत्रू असतो: ठिबकची नळी. मागच्या स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रात, तिचं टोक सापडलं की दहा फूट नळी चेनसकट गुंडाळली जाते. कापून काढाल, पण बागवान येऊन उभा राहतोच. म्हणून हत्यारांच्या पिशवीत 16 मिमीचे दोन जॉइनर ठेवावेत. नळी तिथल्या तिथे जोडून दिली की भांडणाचा चहा होतो.

चालवताना उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी आवळायची आणि हात सैल सोडायचे. सांगायला सोपं. पहिला खड्डा आला की हात हँडल असं आवळतात, की पंधरा मिनिटांत कोपरापासून मनगटापर्यंत दगड होतो. पाठीवरच्या पिशवीत दोन लिटर पाणी असतं, पण नळीतला पहिला घोट चहाइतका गरम लागतो. प्रत्येक घोटानंतर फुंकर मारून नळीतलं पाणी पिशवीत परत ढकलावं.

संध्याकाळी गाडी धुताना प्रेशरचं पाणी चाकांच्या बेअरिंगवर मारायचं नाही. सीलमधून पाणी आत गेलं की महिन्याभरात चाक कुरकुरू लागतं. मग ढाब्यावर शेवभाजी. तळहाताला हँडलचे चार फोड, त्यांतले दोन फुटलेले, आणि ताटात लालभडक तर्री. भाकरी चुरून पहिला घास कालवेपर्यंत डोळ्यांत पाणी येतं. चमचा मागायला तोंड उघडावं, तर शेजारच्या टेबलावर बांधावरचं तेच टोळकं बसलेलं असतं.