खजुरी बाजारातलं अर्धं पुस्तक

इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्याभोवतीच्या जुन्या दुकानांवरचा तुमचा लेख आवडला, पण सगळा भर रात्रीच्या सराफ्यावर, म्हणजे सराफ बाजारात रात्री भरणाऱ्या खाऊगल्लीवर! तिथले गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचा कीस (मक्याचा) सगळ्यांनाच ठाऊक. आमचं इंदूर मात्र खजुरी बाजारातून, म्हणजे जुन्या पुस्तकांच्या बाजारातून सुरू व्हायचं. निकाल लागला की आई जुनी पुस्तकं सुतळीनं बांधून द्यायची. ती विकून पुढच्या इयत्तेची, तीही जुनीच, अर्ध्या किमतीत आणायची. एका वर्षी गणिताच्या पुस्तकाची शेवटची वीस पानं गायब निघाली. दुकानदारकाका हसले, "बेटा, उतना तो मास्टरजी भी नहीं पढ़ाते।" आणि खरंच, तिथवर शिकवणी पोचलीच नाही!

वाचलेल्या पैशांत कोपऱ्यावरच्या गाडीवर पोहे. वर शेव आणि जीरावन मसाला, कांदा मागून घ्यायचा. (पुण्याच्या मावशीला पोह्यांवर शेव आजही पटत नाही. तिचं ती जाणे.)

१९८४ मध्ये राजवाडा जळाला तेव्हा मी पाचवीत होतो. बाबांनी कितीतरी दिवस तिकडे जाऊ दिलं नाही. पुन्हा गेलो तेव्हा वाड्याकडे बघायच्या आधी काकांचं दुकान उघडं आहे का ते पाहिलं. उघडं होतं.