जुनी लेन्स आणि डिजिटल कॅमेरा : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

बडोद्यातील आम्हा हौशी छायाचित्रकारांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. फिल्मच्या काळातील लेन्सने डिजिटल कॅमेऱ्यावर दूरचे फोकस होत नाही, नव्या सेन्सरला (फिल्मच्या जागी चित्र टिपणाऱ्या भागाला) ती काच पुरत नाही, तिच्यामुळे कॅमेऱ्याचे सर्किट जळते, तेव्हा घरातले फिल्मचे सामान भंगारात काढा, असा त्याचा आशय आहे.

फोकसचा दावा अर्धा खरा आहे आणि संदेश लोकांना पटतो तो बहुधा त्यामुळेच. लेन्स बॉडीला जिथे टेकते तिथपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर माउंटनुसार, म्हणजे लेन्स बसवायच्या खाचेच्या प्रकारानुसार, बदलते. निकॉनच्या १९५९ पासूनच्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिलिमीटर, तर कॅननच्या जुन्या एफडी माउंटमध्ये ४२ मिलिमीटर आहे. त्यामुळे एफडी लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) बसवली, तर अ‍ॅडॅप्टर, म्हणजे मधली जोडकडी, कितीही पातळ असला तरी ती किमान साडेचार मिलिमीटर पुढे राहते, आणि ५० मिलिमीटरच्या लेन्सला साधारण ६० सेंटिमीटरपलीकडचे काहीच स्पष्ट दिसत नाही. लक्ष्मी विलास राजवाडा राहिला बाजूला, टेबलापलीकडचा पाहुणाही धूसर येतो. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नसल्याने हे अंतर सोनीच्या ई माउंटमध्ये १८ मिलिमीटरवर आले आहे. तिथे तीच लेन्स २४ मिलिमीटर लांबीच्या, आत काच नसलेल्या साध्या नळीवर बसते आणि क्षितिजापर्यंत फोकस होते. म्हणजे अडचण जोडीची आहे, लेन्सच्या वयाची नव्हे. डीएसएलआरसाठी भिंग असलेले अ‍ॅडॅप्टर मिळतात, पण स्वस्तातले भिंग चित्राची धार घालवते. मी ते घेणार नाही.

काच 'पुरत नाही' हे म्हणणे मोजमापाच्या गोंधळातून आले आहे. २४ मेगापिक्सेलचा सेन्सर लेन्सला अधिक वाईट करत नाही. पडद्यावर चित्र शंभर टक्के मोठे करून पाहिले की तिचे पूर्वीचेच दोष दिसू लागतात, इतकेच. दांडिया बाजारातल्या घरी सापडलेल्या काकांच्या ५० मिलिमीटर लेन्सने, अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र) ८ वर ठेवून, मी न्यायमंदिराच्या कमानी टिपल्या, त्यांच्या १२ बाय १८ इंची प्रिंटमध्ये दगडाचा पोत स्वच्छ उतरला आहे. जुन्या वाइड लेन्सच्या कडा मात्र डिजिटलवर कधी कधी खरोखर फिसकटतात, कारण सेन्सरपुढच्या काचेतून तिरपे किरण नीट जात नाहीत, आणि सूर्य समोर असताना काचेवरचा जुना लेप (कोटिंग) चकाकी आवरू शकत नाही.

सर्किट जळण्याची भीती तर चुकीच्या वस्तूला चिकटवली आहे. हाताने फोकस करायच्या लेन्समध्ये वीजच नसते. धोका आहे तो जुन्या फ्लॅशचा, ज्याचा संदेशात उल्लेखही नाही. काही जुन्या फ्लॅशच्या ट्रिगरवर (कॅमेऱ्याकडून फ्लॅश उडवणाऱ्या जोडणीवर) २०० व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो आणि अनेक डिजिटल कॅमेऱ्यांना तो सोसत नाही. मल्टिमीटरने मोजल्याशिवाय असा फ्लॅश हॉट शूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत, चढवू नये.

राहिला भंगाराचा सल्ला. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशीने कोटिंग खाल्लेली लेन्स असेल, तर ती खुशाल बाजूला ठेवावी. पण जुनी मॅक्रो लेन्स (अगदी जवळून टिपणारी) आणि कॉपी स्टँड (कॅमेरा खाली तोंड करून धरणारा) मोडीत घालू नये. ३५ मिलिमीटर निगेटिव्हची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर असते, म्हणजे फुल-फ्रेम सेन्सरएवढीच. खालून एकसारखा पांढरा प्रकाश देऊन एकास एक प्रमाणात तिचा फोटो काढला की घरातले जुने लग्नसमारंभ डिजिटल होतात, आणि हे काम तेच 'भंगार' करते.