पिवळी जर्सी आणि टप्प्यांचे विजय: एक खुलासा

टूर द फ्रान्स या अनेक टप्प्यांच्या सायकल शर्यतीबद्दल ‘जो सर्वाधिक टप्पे जिंकतो तोच पिवळ्या जर्सीचा मानकरी’ असा एक मजकूर समाजमाध्यमांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. पिवळी जर्सी मिळवणारा एकूण विजेता ठरतो तो सर्व टप्प्यांना लागलेल्या वेळेच्या बेरजेवर. ज्याची बेरीज सर्वांत कमी, त्याची जर्सी. 2017 मध्ये ख्रिस फ्रूमने एकही टप्पा न जिंकता स्पर्धा जिंकली, तर पाच टप्पे जिंकणारा मार्सेल किटेल शर्यत जिथे संपली त्या पॅरिसपर्यंत पोहोचलाही नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या रिगोबेर्तो उरानने एक टप्पा जिंकला होता, तरीही ड्युसेलडॉर्फ आणि मार्सेच्या टाइम ट्रायलमध्ये (प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याच्या टप्प्यांत) फ्रूमने त्याच्यावर मिळवलेली आघाडी मोलाची ठरली आणि अखेरचे अंतर 54 सेकंदांचे राहिले. ग्रेग लेमाँडनेही 1990 मध्ये एकही टप्पा न जिंकता स्पर्धा जिंकली होती.

टप्पा जिंकल्याचा लाभ अगदीच नसतो असे नाही, कारण टाइम ट्रायल सोडून इतर टप्प्यांच्या अंतिम रेषेवर पहिल्या तिघांच्या वेळेतून अनुक्रमे 10, 6 आणि 4 सेकंद वजा होतात. मात्र एकाच घोळक्यातून पोहोचलेल्या सर्वांना सारखीच वेळ मिळत असल्याने, सपाटीवर अखेरच्या क्षणी वेगाने मुसंडी मारणाऱ्या स्प्रिंटरचा देखणा विजय (आणि तो खरोखर देखणा असतो) एकूण क्रमवारीत फारसा उमटत नाही. स्प्रिंटरांची खरी झुंज गुणांवर ठरणाऱ्या हिरव्या जर्सीसाठी असते.