स्टार अठ्ठ्याण्णव

आमच्या ऑफिसात माणसांना नावं आहेत पण ती फक्त पगाराच्या स्लिपवर. एरवी सगळे एक्स्टेन्शनवरच ओळखले जातात. क्वालिटीवाले काका म्हणजे २०४, एक्स्पोर्टवाली मॅडम २०६, डिस्पॅचचा पोरगा २०९, साहेब २०१ आणि मी २११. कँटीनमध्ये कुणी "अगं २०९ जेवला का?" असं ओरडलं तर आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही, नवीन माणूस मात्र दचकतो, त्याला वाटतं आपण जेलमध्ये लागलो की काय.

तर जानेवारीत साहेबांनी बोलावलं. साहेब धरून सहा जण आठवडाभर बंगलोरला इमटेक्सला, म्हणजे यंत्रांच्या प्रदर्शनाला, चालले होते (काकांचं तिथे काय काम होतं हे मला अजून कळलेलं नाही, पण येताना म्हैसूरपाक आणला त्यांनी, त्यामुळे जाऊ दे). साहेब म्हणाले, "तू रोज सकाळी आल्या आल्या सगळ्यांचे व्हॉइसमेल चेक करायचे, मिशिगनवाल्या कस्टमरचा एकही मेसेज सुटता कामा नये." मी हो म्हणाले. मला वाटलं काय, एक बटण दाबायचं आणि ऐकायचं.

आता मिशिगनचं गणित असं की उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आणि थंडीत साडेदहा. म्हणजे जानेवारीत तो माणूस सकाळी नऊला कॉफी घेऊन खुर्चीत बसतो तेव्हा आमच्या भोसरीत संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि ऑफिसात वॉचमन आणि त्याचं मांजर सोडून कुणी नसतं. त्याने दिवसभरात कधीही फोन केला तरी तो मशीनवरच जाणार. आणि तो मशीनशी बोलतो हो! व्यवस्थित, नाव गाव तारखेसकट. आपल्याकडे ही गोष्ट रुजलीच नाही. आपण मिस्ड कॉलवाली माणसं. एक रिंग म्हणजे खाली ये, दोन रिंग म्हणजे पोचलो, आणि लागोपाठ चार वेळा मिस्ड कॉल म्हणजे कुणीतरी अॅडमिट आहे. एवढं सगळं फुकटात कळत असताना पैसे घालून यंत्राशी कोण बोलेल?

पहिल्या दिवशी हाताने करून बघितलं. आधी स्टार ९८, मग त्या माणसाचा नंबर आणि हॅश, मग पासवर्ड आणि हॅश, मग नवीन मेसेज ऐकायला १. मोजून तेरा वेळा बटण. गुणिले सहा जण, अठ्ठ्याहत्तर. आणि मध्ये एक जरी चुकलं तर पहिल्यापासून. दुसऱ्या माणसापाशीच माझा अंगठा दुखायला लागला म्हणून आयटीवाल्या दादाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, एवढं कशाला करताय, तुमच्या फोनच्या उजव्या बाजूला आठ बटणं मोकळी आहेत, त्याच्यावर प्रोग्रॅम करून टाका ना." हे तो ज्या सुरात म्हणाला त्या सुरात लोक "वरून कोथिंबीर घाला" म्हणतात.

दादा आमच्याकडे आठवड्यातून एकदाच येतो, बाकी सगळं फोनवरून. फोनला स्वतःची वेबसाईट असते हे मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. फोनच्या मेनूत जाऊन त्याचा आयपी नंबर बघायचा, तो कॉम्प्युटरवर टाकायचा, की आपला टेबलावरचा बिचारा काळा फोन स्क्रीनवर सगळी आतडी उघडी करून समोर. दादा म्हणाला, बटण एकच्या पुढे स्पीड डायल निवडा, कोड टाका आणि सेव्ह करा. मी सेव्ह केलं आणि फोन बंद. म्हणजे दादासकट बंद, कारण मी त्याच फोनवरून त्याच्याशी बोलत होते आणि सेव्ह केलं की आमचा फोन रीस्टार्ट होतो. तीन मिनिटांनी परत लावला. बटण दोन, सेव्ह, परत दादा गायब. असं तीनदा झालं तेव्हा तो म्हणाला, "ताई, मोबाईलवरून लावा की." हे त्याला पहिल्यांदाच सुचायला काय झालं होतं?

पासवर्ड गोळा करणं हा वेगळाच प्रकार. सगळ्यांना बंगलोरला फोन करून मागितले. एक्स्पोर्टवाली मॅडम म्हणाली, "१९८२, पण जन्मसाल आहे हे कुणाला सांगू नकोस." (सांगितलं नाही. वर नुसता आकडा लिहिलाय.) काका तर स्टॉलवरून लांब जाऊन, बहुतेक तोंडावर हात धरून, कुजबुजत म्हणाले, "लिहून घे, पण चिठ्ठी फाडून टाक हं." मी पेन सरसावलं. "एक... दोन... तीन... चार." उरलेल्या चौघांपैकी तिघांचाही तोच निघाला. पासवर्ड बटणातच भरून ठेवायचा म्हणजे जो बटण दाबेल तो ऐकेल, आयटीच्या दृष्टीने हे पाप आहे असं दादाने सांगितलं, आणि मग ते पाप कसं करायचं तेही सांगितलं.

त्यात मुख्य खुबी स्वल्पविरामाची. नंबरामध्ये स्वल्पविराम टाकला की फोन तेवढा वेळ दम खातो. जुन्या डायल-अप मोडेमपासूनची पद्धत आहे ही, तिथे एका स्वल्पविरामाला दोन सेकंद असायचे. शाळेत बाई सांगायच्या की स्वल्पविराम आला की थोडं थांबायचं, ते आम्ही कधी ऐकलं नाही, फोन ऐकतो.

पहिलं बटण दाबलं. पलीकडे एक गोरी बाई अत्यंत प्रेमाने म्हणाली, "कॉमेडियन मेल." मी इकडे तिकडे बघितलं. मला खरंच वाटलं दादाने मस्करी केलीये. पण नाही, त्या प्रोग्रॅमचं नावच ते आहे. आमचं एक्स्चेंज ज्याच्यावर चालतं ते अॅस्टरिस्क नावाचं सॉफ्टवेअर, मार्क स्पेन्सर नावाच्या अमेरिकन पोराने १९९९ मध्ये लिहिलं, कारण त्याला कंपनीसाठी फोन सिस्टिम विकत घ्यायला परवडत नव्हती. नाव फोनवरच्या स्टारवरून ठेवलं आणि व्हॉइसमेलचं नाव कॉमेडियन मेल. आवाज ॲलिसन स्मिथ म्हणून कॅनडातल्या बाई आहेत त्यांचा. आता त्या आठवड्यात मी या बाईंचा आवाज घरच्यांपेक्षा जास्त ऐकला.

बाई एक स्वल्पविराम होईपर्यंत बोलून संपत नव्हत्या, तोवर आमच्या फोनने पासवर्ड ओतून टाकलेला असायचा, पहिला आकडा बाईंच्या बोलण्यात गुडुप आणि उरलेल्या तीन आकड्यांवर बाई शांतपणे "लॉगिन इन्करेक्ट". तीनदा चुकलं की "गुडबाय". दोन स्वल्पविराम टाकले, तरी चुकलं. तीन टाकले, २०६ चं जमलं, २०४ चं नाही. शेवटी सगळ्यांना चार चार टाकले, म्हणजे बटण दाबायचं, एक घोट चहा घ्यायचा, तोवर दार उघडतं. मग बटणांच्या शेजारी नावांची कागदी पट्टी सरकवली, ती एक घर वर सरकली, आणि पहिले दोन दिवस मी काकांचं समजून डिस्पॅचच्या पोराचे मेसेज ऐकत होते. काकांना "बाबू, फोन उचल ना, रागावलास का" असं कोण म्हणतंय या काळजीने माझा मंगळवार गेला.

मेसेज काय होते म्हणता? निम्म्यांत "हॅलो? हॅलो! अहो ऐकू येतंय का? ...कट झाला वाटतं." एक पर्सनल लोनची रेकॉर्ड केलेली बाई, म्हणजे एक मशीन दुसऱ्या मशीनला चाळीस सेकंद कर्जाची ऑफर देत होतं आणि दुसऱ्याने सभ्यपणे ऐकून घेतलं होतं. काकूंचा एक होता, त्यात आधी थोडा वेळ शांतता, मग संशयाने, "आत्ता इंग्लिशमध्ये बोलली ती कोण?" आणि मग तिला उद्देशूनच, "बाई, त्यांना सांगा, बीपीची गोळी निळ्या पिशवीत आहे." मी बंगलोरला कळवलं. निळ्या पिशवीतच होती.

आणि गुरुवारी मिशिगनवाला आला. २०६ वर. "रिगार्डिंग द फ्लँज लॉट..." पुढे बर (म्हणजे धातूच्या कडेला राहिलेली कूस), बोअर (म्हणजे मधलं भोक) आणि एक लॉट नंबर, तो इतका झरझर सांगितला की पाच वेळा ५ दाबून परत ऐकला तरी शेवटचे चार आकडे हाती लागेनात. म्हटलं पहिल्यापासून शांतपणे ऐकू, त्याला १. आता माझा हात वीस वर्षं कॅल्क्युलेटरवर गेलेला, कॅल्क्युलेटरवर १ खाली डावीकडे असतो, आणि फोनवर त्याच जागी असतो ७! बेल लॅब्जवाल्यांनी १९६० च्या सुमाराला निरनिराळ्या मांडण्या लोकांना दाबायला देऊन तपासल्या म्हणे आणि १-२-३ वर ठेवलं. कॅल्क्युलेटरवाल्यांना एक शब्द विचारायचा ना. बोट आपोआप खाली गेलं आणि ॲलिसनबाई म्हणाल्या, "मेसेज डिलीटेड."

मी घाबरून रिसीव्हर आपटला.

दादा नंतर म्हणाला, "ताई, परत ७ दाबलं असतं तर परत आला असता, फोन ठेवल्यावरच तो खरा जातो." म्हणजे मी जे एकच करायला नको होतं ते नेमकं केलं. तासभर देवाचं नाव घेत बसले, मग साहेबांना फोन केला, कबूल केलं. साहेब म्हणाले, "अगं त्याचा रात्रीच ईमेल आलाय, फोटोसकट, सगळं लिहिलंय. व्हॉइसमेल कशाला केला होता?" मला आता आठवलं, सुरुवातीला तो काहीतरी "आय सेंट यू ॲन ईमेल" म्हणाला होता. मी लॉट नंबर लिहायच्या नादात होते. त्याच रात्री त्याने परत फोन करून मेसेज ठेवला, तो मात्र सकाळी मी ९ दाबून नीट सेव्ह केला, तर बाईंनी विचारलं कुठल्या फोल्डरमध्ये, वर्क, फॅमिली की फ्रेंड्स. घाईत दाबलं ४. तो माणूस रिजेक्शनच्या धमकीसकट आजही २०६ च्या फ्रेंड्समध्ये आहे.

सोमवारी मंडळी परतली, म्हैसूरपाक वाटला, दादाही आला होता बटणं काढायला. माझ्या टेबलाशी वाकून म्हणाला, "ताई, तुमचा लाल दिवा कधीपासून लुकलुकतोय?" म्हटलं तो असतोच, फोन चालू असल्याचा आहे ना तो. दादा काही बोलला नाही. त्याने नुसता बाकीच्यांच्या फोनकडे हात केला, कुणाचाच लुकलुकत नव्हता.

"एकतीस मेसेज आहेत," तो म्हणाला. "पासवर्ड सांगा."

मी त्याला सहा सांगितले, त्यातला एकही माझा नव्हता. मग १२३४ करून बघितलं. ॲलिसनबाई आधीच्याच प्रेमाने म्हणाल्या, लॉगिन इन्करेक्ट.