कॅशेमुळे वेग फुगवला जातो, या तक्रारीस उत्तर

नमस्कार साहेब,

आपला अभिप्राय वाचला. रात्री नऊनंतर यूट्यूब सुरळीत चालते, मात्र ऑफिसच्या व्हीपीएनवरून (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या कूटबद्ध मार्गावरून) अमेरिकेतील सर्व्हरशी काम करताना वेग निम्म्यावर येतो, म्हणजे आम्ही, आपले इंटरनेट सेवापुरवठादार, कॅशे (वारंवार मागितल्या जाणाऱ्या मजकुराची जवळ ठेवलेली प्रत) लावून वेग फुगवतो आणि ग्राहक काय पाहतात तेही साठवतो, असे आपण लिहिले आहे. आपले निरीक्षण खरे आहे. त्यावरून काढलेले दोन्ही निष्कर्ष मात्र आम्हाला मान्य नाहीत.

आमच्या नाशिकच्या सर्व्हर रूममध्ये गूगलचे कॅशे यंत्र आहे. जागा, वीज आणि जोडणी आमची. यंत्र आणि त्याचे लॉगिन गूगलचे. सामना संपल्यावर इंदिरानगर, सातपूर, पंचवटीतील घराघरांत त्याच हायलाइट्स पाहिल्या जातात, तेव्हा तो व्हिडिओ प्रत्येक घरासाठी नव्याने मुंबईहून आणावा लागत नाही. त्यामुळे मुंबईच्या लाइनवर जी जागा उरते, ती आपल्या व्हीपीएनसारख्या, प्रत ठेवताच येत नाही अशा वाहतुकीला मिळते. हे यंत्र उद्या काढले, तर यूट्यूब मंदावेलच, पण त्याआधी आपले व्हीपीएन रखडेल.

आपण जोडलेला स्क्रीनशॉट फास्ट डॉट कॉमचा आहे. ती चाचणी नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून वेग मोजते आणि त्यासाठी शक्यतो जवळचे सर्व्हर निवडते, त्यामुळे तो आकडा खोटा नसला तरी अमेरिकेपर्यंतच्या वेगाचा पुरावाही नाही. अमेरिकेला जाऊन परत येण्यास सिग्नलला २०० मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो आणि अंतर वाढले की एकाच जोडणीवरून होणाऱ्या डाउनलोडचा वेग बहुधा घटतो. प्लॅन १०० एमबीपीएसचा असो वा ३०० चा.

साठवणुकीविषयी सांगायचे, तर साध्या, म्हणजे कूटबद्ध नसलेल्या, एचटीटीपीच्या काळात अनेक सेवापुरवठादार स्क्विडसारखे प्रॉक्सी (ग्राहक आणि वेबसाइट यांच्यामधले मध्यस्थ सॉफ्टवेअर) लावून वेब पाने साठवत असत आणि ग्राहकाला कधी कधी शिळे पान दिसे, ही गोष्ट खरी आहे. आताच्या कूटबद्ध एचटीटीपीएसमध्ये पानाचा मजकूर आम्हाला वाचताच येत नाही, मग साठवणार काय? परवान्याच्या अटींनुसार जोडणीच्या नोंदी, म्हणजे कोणता आयपी पत्ता कोणत्या वेळी कोठे जोडला गेला एवढा तपशील, आम्हाला किमान २ वर्षे ठेवावा लागतो. त्याचा कॅशेशी संबंध नाही आणि तो आम्ही लपवतही नाही.

व्हीपीएन चालू असताना पाहिलेले यूट्यूबही, सर्व वाहतूक त्याच बोगद्यातून जात असल्यास, अमेरिकेला वळसा घालून येते. ऑफिसच्या आयटी विभागाकडे स्प्लिट टनेलिंगची (फक्त ऑफिसची वाहतूक व्हीपीएनमधून आणि बाकीची थेट पाठवण्याची) सोय आहे का आणि मुंबईत एखादा व्हीपीएन गेटवे (व्हीपीएन जिथे जोडले जाते तो सर्व्हर) मिळेल का, याची कृपया चौकशी करावी. शिवाय रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान, व्हीपीएन बंद ठेवून, त्यांच्या गेटवेपर्यंतचा ट्रेसराउट (वाटेतील प्रत्येक टप्पा आणि त्याला लागणारा वेळ दाखवणारी चाचणी) काढून आमच्या तक्रार विभागाकडे पाठवावा. अडथळा आमच्या मुंबईच्या लाइनवर दिसला, तर त्या गेटवेकडे जाणारी वाहतूक आम्ही दुसऱ्या अपस्ट्रीमवरून (आम्हाला बाहेरच्या इंटरनेटशी जोडणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या लाइनवरून) वळवून पाहू.

आपला,
संचालक, नाशिक